दूरवार्तेचा मणि

अमेरिकेंत इ. स. १९७४ सालीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ निघाला. चारपांच जणांनीं भोंवतीं बसावें, एकानें सूत्रधार व्हावें, आणि बाकीच्यांनीं आपण योद्धे, मांत्रिक किंवा चोर आहोंत असें समजून त्या सूत्रधारानें वर्णिलेल्या मायावी प्रदेशांत संचार करावा, असें त्याचें स्वरूप आहे. हल्लीं आपल्याकडील विद्यार्थ्यांतहि तो शिरला आहे, आणि मुलें रात्रीच्या रात्री त्यांत घालवितात अशी तक्रार पालक करतात. ती खरी असेल. परंतु ह्या खेळांतील एका वस्तूनें माझें मन इतकें गुंतविलें कीं, मुलांस दोष देण्याचा अधिकार मजकडे फारसा उरला नाहीं.

ती वस्तु म्हणजे संदेशाचे दगड. हे दगड नेहमीं जोडीनें असतात. एक आपल्यापाशीं ठेवावा, दुसरा आपल्या माणसापाशीं द्यावा. मध्यें कितीहि डोंगर-समुद्र असोत, एका दगडाशीं बोललेलें दुसऱ्याच्या धन्यास ऐकूं जातें. एवढेंच असतें तर त्यांत नवल नव्हतें. असल्या कल्पना साऱ्या जगाच्या आजीबाईंनीं केलेल्या आहेत. नवल आहे तें नियमकारानें घातलेल्या अटींचें. निरोप पंचवीस शब्दांहून अधिक असतां कामा नये. एकदां उपयोग केला कीं दुसऱ्या दिवसाची पहाट होईपर्यंत दगड मुका. आणि जोडींतला एक फुटला तर दुसरा वाटेवरच्या धोंड्यासारखा धोंडा. ह्या तीन अटी प्रथम वाचल्या तेव्हां मला एखाद्या जादूगाराची पोथी न आठवतां पेशव्यांचें दफ्तर आठवलें. दूरची बातमी आणण्याचें साधन मनुष्याच्या हातीं नेहमीं असेंच आलें आहे : थोडें, महाग, आणि फुटण्यासारखें. आपल्या इतिहासांत ह्या दगडांचीं सख्खीं भावंडें कोणतीं, व त्यांनीं काय केलें, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

दूरदर्शी वस्तूचा विषय निघाला कीं आपणांस पहिल्यानें आठवतो तो संजय. हस्तिनापुरांत आंधळ्या राजापाशीं बसून कुरुक्षेत्रावरचें युद्ध पाहत पाहत सांगणारा संजय, हें चित्र आपल्या कीर्तनांतून, कॅलेंडरांवरून आणि अलीकडे चित्रपटांतून इतकें पक्कें झालें आहे कीं, महाभारतांत तें तसें नाहीं असें कोणी म्हटलें तर लोक रागावतात. व्यासांनीं त्याला दिव्यदृष्टि दिली हें खरें. पण भीष्मपर्व नीट उघडून पाहिलें तर असें आढळतें कीं, संजय रणांगणावरून परत येतो आणि भीष्म पडले ही बातमी प्रथम सांगतो. भीष्म पडले ते दहाव्या दिवशीं. म्हणजे ज्या गीतेचा उपदेश युद्धाच्या पहिल्या दिवशीं सकाळीं झाला, ती धृतराष्ट्राच्या कानीं पडते दहा दिवसांनंतर! पुढें शल्यपर्वांत तर हा संजय प्रत्यक्ष रणभूमीवर सात्यकीच्या हातीं सांपडतो, आणि व्यास मध्यें पडतात म्हणून जीव घेऊन सुटतो. राजवाड्यांतल्या आसनावर बसलेल्या माणसावर असा प्रसंग येत नाहीं. व्यासांच्या मनांत संजय होता तो एक अलौकिक शक्तीचा, पण पायीं चालणारा बातमीदार. त्याला आसनावर बसविला तो आपण, पुढच्या लोकांनीं. युद्धाची बातमी दहा दिवसांनीं कळते ही गोष्ट प्राचीन श्रोत्यास स्वाभाविक वाटत होती. ती आपल्याला सोसवेना म्हणून आपण तिचा वेळ काढून टाकला.

मराठी मुलखाची स्वतःची जादूची वस्तु म्हणाल तर ती अंजन. पायाळू मुलाच्या डोळ्यांत अंजन घातलें कीं त्याला भुईंतलें धन दिसतें, ही समजूत आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत सर्वत्र होती. चोरी झाली कीं अंगठ्याच्या नखास अंजन लावून चोराचा चेहरा पाहणारेहि होते. परंतु अंजनाकडून लोकांनीं मागितलें तें बहुतेक वेळां गुप्तधन किंवा चोर. परमुलखांत गेलेल्या मुलाचें वर्तमान क्वचितच. वर्तमान मागण्यासाठीं देवीस कौल लावीत, आणि कौल म्हणजे होय किंवा नाहीं, एवढ्या दोनच अक्षरांचा निरोप.

ह्या प्रांतांतल्या माणसानें विजापुरच्या गोल घुमटास विसरून चालणार नाहीं. इ. स. १६५६ मध्यें वारलेल्या महंमद आदिलशहाच्या ह्या कबरीवरील घुमटाच्या आंतून जी सज्जा फिरते, तिच्या एका अंगास भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजावें, तर समोरच्या अंगास, सुमारें सव्वाशे फुटांवर, तें शब्दशः ऐकूं येतें. सोलापुरच्या शाळांच्या सहली तेथें जातात आणि मुलें आपापलीं नांवें ओरडून तो चमत्कार साफ बिघडवितात. कारण घुमट प्रत्येक ध्वनि अनेक वेळां परत करतो आणि दहा मुलें ओरडलीं कीं दहांपैकीं एकाचेंहि ऐकूं येत नाहीं. शांतता असेल तरच दूरचें ऐकूं येतें हा त्या इमारतीचा नियम आहे. बांधणाऱ्यांच्या मनांत हा परिणाम होता असें मला वाटत नाहीं. त्यांना एवढा मोठा घुमट खांबांवांचून उभा करावयाचा होता, आणि आवाज हा त्या गोलाईचा आनुषंगिक गुण होय.

आतां दगडांच्या खऱ्या भावंडांकडे येऊं. मराठशाहींत पत्र नेणाराला जासूद किंवा कासीद म्हणत, आणि तो बहुधा एकटा जात नसे. जुन्या पत्रांतून 'जासूदजोडी', 'कासीदजोडी' हे शब्द इतक्या वेळां येतात कीं, वाचणारा त्यांकडे लक्ष देईनासा होतो. एक आजारी पडला, वाघानें नेला, नदींत वाहून गेला, चौकीवर धरला गेला, तर दुसऱ्यानें पोंचावें, हा हेतु. मोलानें एका खेपेपुरता ठरविलेल्यास अजुरदार म्हणत; किती दिवसांत पोंचावयाचें त्याचा करार होई आणि अजुरा त्याप्रमाणें ठरे. घाईचें काम असेल तर सांडणीस्वार निघे. पत्राच्या कागदावर लिहिल्याची तिथि असे, आणि तें ज्याच्या हातीं पडे त्याचा कारकून त्यावर 'पैवस्तगी' म्हणून पोंचल्याची तिथि टाकी. ह्या दोन तिथींची वजाबाकी केली म्हणजे अठराव्या शतकांतील बातमीचा वेग आपल्यासमोर उभा राहतो. दोन ओळींचा हा रुक्ष शेरा नसता तर आमच्या इतिहासलेखकांची अर्धी भांडणें अद्याप मिटलीं नसतीं.

त्या लखोट्यांत मुख्य मजकूर असेच असें मात्र नाहीं. पत्रांत क्षेमकुशल लिहावें, आणि शेवटीं अमुक इसम मुखजबानीनें सांगतील तें ऐकावें असें लिहून मोकळें व्हावें, हा नेहमींचा परिपाठ. खरी गोष्ट जासुदाच्या डोक्यांत जाई. कागद शत्रूच्या हातीं लागला तर त्यांतून कांहीं निघूं नये, आणि माणूस लागला तर त्यानें बोलूं नये! ह्या दुसऱ्या अपेक्षेपायीं किती जासुदांनीं काय सोसलें असेल त्याची नोंद कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. पत्र आपलेंच आहे हें ओळखण्याची युक्तिहि पक्की होती. मजकूर संपला कीं तेथेंच मोर्तब होई, तें एवढ्यासाठीं कीं, त्याखालीं कोणाला एक अक्षर वाढवितां येऊं नये. लेखनाला जेथें सीमा घातली तेथेंच तें खरें ठरे.

शब्दावांचूनहि निरोप जाई. इ. स. १६६० च्या जुलैंत शिवाजीमहाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले, तेव्हां गडावर पोंचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज करावे आणि ते ऐकूं येईपर्यंत बाजीप्रभूनें खिंड सोडूं नये, ही कथा महाराष्ट्रांतल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. बखरींनीं तिच्यावर रंग चढविला असेल. परंतु किल्ल्याकिल्ल्यांवरून तोफेनें इशारा देण्याची चाल काल्पनिक नव्हे. अशा इशाऱ्यास पंचवीस शब्द लागत नाहींत, एकहि लागत नाहीं. मात्र त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत आधींच ठेवलेला असावा लागतो. ज्याच्यापाशीं तो अर्थ नाहीं, त्याला ती केवळ गडगड.

आणि येथें पानिपताचा प्रसंग येतो.

इ. स. १७६० च्या ऑक्टोबराच्या अखेरीस अब्दाली बागपतापाशीं यमुना उतरला आणि सदाशिवरावभाऊंचें सैन्य व दिल्ली यांच्या मध्यें येऊन बसला. सैनिकी दृष्टीनें ह्याचे परिणाम पुष्कळांनीं वर्णिले आहेत. धान्य तुटलें, वैरण तुटली, पैका तुटला. मला ह्यांत आणखी एक तुटलेली वस्तु दिसते, ती म्हणजे पत्रांची वाट. दक्षिणेस जाणारा प्रत्येक जासूद आतां शत्रूच्या छावणीला वळसा घालून निघणार. निघाला तरी पोंचेलच असें नाहीं. पुण्यांतून उत्तरेस काय चाललें आहे हें दिसेनासें झालें. नानासाहेब पेशवे दरम्यान फौज घेऊन उत्तरेकडे निघाले, पण भाऊंचा खरा घांस केवढा आवळला गेला आहे, ह्याची कल्पना ते कोणत्या पत्रावरून करणार? वि. का. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें छापला, त्यांत ह्याच कालखंडांतील पत्रें आहेत. तीं ओळीनें वाचीत गेलें म्हणजे एका मोठ्या राज्याचे कान हळूहळू बधिर होत चाललेले जाणवतात. जोडींतला एक दगड फुटत होता, आणि दुसरा हातांत धरून पेशवा नर्मदेकडे चालला होता.

लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजीं. नानासाहेब भिलशाच्या मुक्कामीं असतांना, २४ जानेवारीच्या सुमारास, त्यांच्या लोकांनीं एक जासूद अडविला. तो पेशव्यांचा नव्हता. तो एका सावकाराचें पत्र घेऊन दक्षिणेकडील दुसऱ्या सावकाराकडे चालला होता. पत्र उघडलें. त्यांत लढाईचें नांव नव्हतें, कोणा सरदाराचें नांव नव्हतें. होता तो जवाहीर व नाणें बुडाल्याचा हिशेब. दोन मोत्यें नाहींशीं झालीं, मोहरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाहीं, असा त्याचा आशय. मोत्यें म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. रुपये-खुर्दा म्हणजे शिपाई व बाजारबुणगे. हा अर्थ पेशव्यास कोणी समजावून द्यावा लागला नाहीं. थोरला मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याची बातमी हिंदुस्थानांतल्या सर्वांत बलवान माणसास दुसऱ्याच्या खाजगी पत्रांतून कळली, आणि तीहि हिशेबाच्या भाषेंत. तेथून ते परत फिरले ते खचूनच. २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

ह्या पत्राकडे आजपर्यंत आपण करुणरसाच्या दृष्टीनें पाहत आलों आहोंत. तें योग्यच आहे. परंतु त्यांतील रुक्ष प्रश्नहि विचारला पाहिजे. पानिपत ते भिलसा हें अंतर सरळ रेषेनेंच चारशें मैल आहे. वाटेची वळणें निराळीं. दहा दिवसांत तें कापावयाचें म्हणजे रोज चाळीस मैलांहून अधिक. अराजक माजलेल्या मुलखांतून सावकाराचा माणूस हें करतो, आणि पेशव्याचा करूं शकत नाहीं, हें कां? माझ्या मतें ह्याचीं कारणें दोन. एक तर सावकारास वेळेची किंमत ठाऊक होती. एका ठिकाणचा पराभव म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या हुंड्या बुडणें, भाव चढणें, पेढ्या बसणें. दोन दिवस आधीं कळलें तर घर वांचतें. त्याची बातमीची व्यवस्था शांततेंतहि रोज चालूं असे. राज्याची व्यवस्था सरदाराच्या मर्जीवर आणि छावणीच्या स्थैर्यावर अवलंबून होती. छावणी मोडली कीं पत्र लिहिणारा, लिहविणारा आणि नेणारा तिघेहि एकदम नाहींसे झाले. दुसरें कारण असें कीं, सावकाराचा निरोप लहान होता. तो मजकूर खेळांतल्या पंचवीस शब्दांत सहज मावतो. लहान निरोप लवकर लिहून होतो, लपवितां येतो, प्रसंगीं गिळतां येतो.

ह्या सावकारांनीं विश्वासाचा प्रश्नहि मोठ्या चातुर्यानें सोडविला होता. हुंडीवर रक्कम एकदांच लिहून ते थांबत नसत. रुपये अमुक, त्याचे निमे अमुक, त्याची दुप्पट पुरे अमुक, असें लिहीत. एका शून्याची लबाडी करावयाची तर तिन्ही ठिकाणीं करावी लागे. शेंकडों मैलांवरच्या अनोळखी माणसानें चिठोरा पाहून रोकड पैसे मोजावे, ही जादू दगडाच्या जादूहून कमी नाहीं, आणि तिचा पाया ह्या निमे-दुपटींत आहे.

परंतु बातमी पोंचली म्हणजे खात्री पोंचली असें नाहीं. विश्वासरावांविषयीं संशय उरला नाहीं; भाऊंविषयीं उरला. त्यांस पडतांना पाहिलें असें सांगणारे होते, निसटतांना पाहिलें असें सांगणारेहि होते. पत्रांतल्या दोन मोत्यांपैकीं एक मोतीं लोकांच्या मनांत पंधरा वर्षें गळलें नाहीं. त्या फटींतून एक तोतया उभा राहिला. मीच सदाशिवरावभाऊ असें म्हणणाऱ्या ह्या माणसास पहिल्यांदा कैदेंत टाकलें. पुढें तो सुटला, त्यानें कोंकणांत किल्ले घेतले, फौज जमविली, आणि नाना फडणिसासारख्या मनुष्याची झोंप उडविली. अखेर इ. स. १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन झालें. नानाची बातमीची यंत्रणा त्या काळीं साऱ्या हिंदुस्थानांत वाखाणली जाई. दरबारोदरबारचे बातमीदार त्याला लिहीत. तोतया खोटा हें त्याला ठाऊक होतें. लोकांस तें पटविण्यासाठीं मात्र त्याला पंच बसवावे लागले, साक्षी घ्याव्या लागल्या, ओळखीच्या माणसांकडून ओळख करवावी लागली. आणि एवढें करूनहि शनिवारवाड्यांतल्या एका व्यक्तीचें समाधान झालें नाहीं. भाऊंची पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परत आली होती. तिनें वैधव्याचीं चिन्हें कधींच धारण केलीं नाहींत. इ. स. १७८३ मध्यें ती वारली, तोंपर्यंत बावीस वर्षें, तिच्या लेखीं ती बातमी आलीच नव्हती. दूरवार्तेचें कसलेंहि साधन घ्या, ह्या बाईपुढें तें हात टेकतें.

ह्यानंतर शंभर वर्षें उलटण्यापूर्वींच तार आली. डॉक्टर ओशॉनेसी ह्यानें इ. स. १८३९ मध्यें कलकत्त्यास तारेचे प्रयोग केले, इ. स. १८५१ मध्यें कलकत्ता व डायमंड हार्बर यांमधील तार सुरू झाली; आणि इ. स. १८५५ मध्यें आग्र्यापासून मुंबईपर्यंतची ओळ सामान्य लोकांस खुली झाली. ज्या प्रदेशांतून सावकाराचा जासूद धांवला, त्याच बाजूनें खांब उभे राहिले, आणि दहा दिवसांचें काम एका दिवसाच्या आंत आलें. पुण्याकडून येणारी आगगाडी इ. स. १८६० मध्यें सोलापुरास पोंचली व तिच्या जोडीनें तारेचे खांबहि. १८५७ सालच्या उठावांत बंडवाल्यांनीं जागोजाग तार तोडली, त्याअर्थीं तिचें सामर्थ्य त्यांना दोनच वर्षांत उमगलें होतें.

तारेनें वेळ जिंकला, पण खेळांतली पहिली अट तशीच राहिली. शब्दाला दाम पडे. त्यामुळें एरव्हीं चार पानांचें पत्र लिहिणारा गृहस्थ तारघराच्या खिडकीशीं उभा राहून एकेक शब्द खोडूं लागला. शुभेच्छांसाठीं तर सरकारनें आंकडेच ठरवून दिले होते. आंकडा लिहावा, पलीकडच्या कचेरींत त्याचें वाक्य होई. हें भिलशाच्या पत्राचेंच सरकारी रूप. मध्यम वर्गाच्या घरांत तार ही वस्तु मृत्यूशीं इतकी जोडली गेली कीं, तारवाला दाराशीं दिसतांच बायकांनीं रडूं लागावें, आणि मग आंतला मजकूर नोकरी लागल्याचा निघावा, असे प्रकार घरोघरीं घडलेले आहेत. खेड्यांत तर इंग्रजी वाचणारा सांपडेपर्यंत तो लखोटा तसाच हातांत धरून बसावें लागे. १४ जुलै २०१३ च्या रात्रीं भारतांतील तारसेवा बंद झाली, तेव्हां ज्यांनीं जन्मांत एकहि तार केली नव्हती असे तरुण आठवण म्हणून शेवटची तार करावयास रांगेंत उभे राहिले होते.

वेगवान बातमी शहराचें काय करते हें सोलापुरानें इ. स. १९३० मध्यें पाहिलें. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथें गांधीजींस अटक झाली, आणि ती वार्ता पसरतांच गिरण्यांतले मजूर बाहेर पडले. ८ मे रोजीं गोळीबार झाला. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. पूर्वींच्या वेगानें बातमी आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती असें मी म्हणत नाहीं. परंतु गुजराथेंतल्या एका झोंपडींतली अटक आणि येथल्या गिरणींतला भोंगा यांमध्यें विचार करावयास आतां मध्यें दिवस उरला नव्हता, हें खरें.

सोलापुराहून अक्कलकोटाच्या रस्त्याला लागलें कीं कांहीं मैलांवर कुंभारी येते. तेथें इ. स. २००६ मध्यें विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला गोदूताई परुळेकरांचें नांव दिलें आहे. तिच्याजवळ रे नगर म्हणून आणखी मोठी वसाहत उभी राहिली, तिच्यांतील पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें कामगारांच्या स्वाधीन झालीं. येथल्या पुष्कळ कुटुंबांची घरची भाषा तेलुगू; त्यांचे पूर्वज विणकामासाठीं तेलंगणांतून सोलापुरास आले. माहेरचें वर्तमान ही त्या पिढ्यांची दुर्मिळ वस्तु होती. गांवाकडचा कोणी यावा, त्याच्या तोंडीं निरोप यावा, किंवा कार्डावर चार ओळी याव्या. आज संध्याकाळीं त्या वसाहतींतून गेलें तर सुपांत तेंदूचीं पानें कातरणारी बाई समोर भिंतीला मोबाइल टेकवून वरंगळाकडच्या बहिणीशीं बोलतांना दिसते. काय बोलते? भाजी कोणती केली, नळाला पाणी आलें कां, धाकटीला खोकला आहे. नानासाहेब पेशव्यास जें साधन मिळालें नाहीं, आणि मिळालें असतें तर ज्यासाठीं त्यानें परगणे तोडून दिले असते, तें साधन ही बाई खोकल्याची चौकशी करण्याकरितां वापरते. दूरवार्तेच्या साऱ्या इतिहासांत मला ह्याहून मोठी क्रांति दिसत नाहीं. आमचे कांहीं विद्वान मित्र ह्यास वायफळ बडबड म्हणतात. त्यांना मी एवढेंच विचारतों कीं, पार्वतीबाईस अशी वायफळ बडबड एकदां करावयास मिळाली असती तर?

परंतु त्याच दगडाचें दुसरें अंगहि ह्याच जिल्ह्यानें भोगलें आहे, आणि तें न सांगतां लेख संपविणें हा खोटेपणा होईल.

नाथपंथी डवरी गोसावी ही भटकी जमात. भिक्षेवर निर्वाह करीत गांवोगांव हिंडावें हा तिचा पिढीजात क्रम. मराठशाहींत गोसावी-बैराग्याचा वेष हा हेरांचा आवडता वेष होता, तो ह्याच कारणानें : हिंडणारा गोसावी कोठेंहि गेला तरी कोणी त्यास परका मानीत नसे, आणि तो बसला कीं गांव भोंवतीं जमून दूरच्या गोष्टी ऐके. बातमी माणसाच्या पायांनीं येत होती तोंपर्यंत भटक्याचें स्वागत होतें. इ. स. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणारी टोळी फिरत आहे असे मजकूर व्हॉट्सॲपवर देशभर फिरूं लागले. लिहिणाऱ्याचें नांव नाहीं, गांव नाहीं, तिथि नाहीं. पैवस्तगी नाहीं कीं मोर्तब नाहीं. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं ह्या जमातीचे पांच पुरुष आले होते. जमावानें त्यांस मुलें पळविणारे ठरविलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें, आणि तेथेंच मारून टाकलें. त्यांतले बहुतेक सोलापुर जिल्ह्यांतले होते.

त्या पांचांपैकीं कोणीं कोणतें मूल पळविलें होतें, असें नाहीं. जमावांतल्या कोणीं मूल पळविलेलें पाहिलें होतें, असेंहि नाहीं. प्रत्येकानें तें वाचलें होतें, आणि प्रत्येकाला तें आपल्या ओळखीच्या माणसाकडून आलें होतें. जासूद ओळखीचा होता म्हणून पत्र खरें मानलें. पत्र कोणीं लिहिलें हें विचारावयाचें राहिलें. सावकाराच्या हुंडीवरील निमे-दुपटीसारखी कसलीहि खूण त्या मजकुरावर नव्हती, आणि ती नाहीं हें पाहण्याची संवय आपणांस राहिलेली नव्हती.

ह्या प्रकारानंतर त्याच महिन्यांत त्या कंपनीनें आपल्या यंत्रांत फरक केले. दुसऱ्याचा मजकूर पुढें धाडलेला असेल तर तो तसा आहे असें त्यावर दिसूं लागलें, आणि भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येणार नाहीं असें ठरलें. इ. स. २०२० च्या एप्रिलांत, पुष्कळ हातांतून आलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल, अशी आणखी अट आली.